कंपनी म्हणाली म्हणून काय झालं?

मुलांनो, आज एक गोष्ट 'समजा' म्हणून सुरू करू या. गोष्ट मनातली आहे, पण तिच्यातला दिवा, दुकान आणि फोनवरचं बोलणं तुमच्या ओळखीचं निघालं, तर नवल वाटून घेऊ नका.

समजा, तुम्ही शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरे गावात राहता. वेळ नदीकाठचं गाव. ताईचं दहावीचं वर्ष. संध्याकाळी लाईट गेली, की तिचा अभ्यास थांबतो. म्हणून आईनं कांदाकाढणीच्या मजुरीतले पैसे बाजूला ठेवले आणि तुम्ही सगळे शिक्रापूरला जाऊन चार्जिंगचा दिवा घेऊन आलात. किंमत ८५० रुपये, म्हणजे आईची जवळजवळ तीन दिवसांची मजुरी! बाबांनी आठवणीनं बिल मागून घेतलं. रिकामा खोका धाकट्यानं 'गाडी-गाडी' खेळायला पळवला आणि दोन दिवसांत त्याचा चोळामोळा केला.

बाराव्या दिवशी गंमत सुरू झाली. रात्रभर चार्जिंगला लावूनही दिवा वीस मिनिटांत मान टाकायला लागला. खोक्यावर तर 'सहा तास उजेड' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

बाबा दिवा घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "दादा, आता आमच्या हातात काय नाय. कंपनीला फोन लावा."

घरी येऊन फोन लावला. पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, "सर, वस्तू सात दिवसांत परत करायची असते. तुम्हाला तर बारा दिवस झालेत. शिवाय मूळ खोका नसेल तर परत घेता येत नाही. आणि दुकानदाराचा यात काही संबंध नसतो, सर. तुम्ही दिवा पुण्याला आमच्या सेवा केंद्रात आणून द्या. दुरुस्ती होईल. पैसे मात्र परत मिळत नाहीत."

बाबांनी फोन ठेवला. "कंपनीच असं म्हणतीय म्हटल्यावर आपण काय करणार?" असं म्हणून त्यांनी दिवा माळ्यावर टाकला. ताई पुन्हा मेणबत्तीपाशी जाऊन बसली.

आता इथं जरा थांबू या. कंपनीनं फोनवर चार गोष्टी सांगितल्या: सात दिवस, खोका, दुकानदाराचा संबंध नाही, पैसे परत नाहीत. या चारही गोष्टी आपण एकेक करून तपासू. पण त्याआधी एक फरक समजून घेऊ.

नियम कुणाचा आणि कायदा कुणाचा?

वस्तूबरोबर एक छोटं कार्ड मिळतं. त्यावर 'वॉरंटी' असं लिहिलेलं असतं. वॉरंटी म्हणजे कंपनीनं आपणहून दिलेला शब्द. 'एक वर्षात बिघडलं तर दुरुस्त करून देऊ', असा. तो शब्द देताना कंपनी आपल्या अटी घालू शकते.

पण त्या कार्डाच्या वर आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे देशाचा कायदा. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. २४ डिसेंबर १९८६ या दिवशी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली, म्हणून २४ डिसेंबर हा आपला राष्ट्रीय ग्राहक दिन. पुढे २०१९ साली संसदेनं नवा ग्राहक संरक्षण कायदा केला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आज हाच कायदा चालतो.

कंपनीच्या कार्डावर काहीही छापलेलं असो, कायद्यानं तुम्हाला दिलेला हक्क त्या कार्डामुळे कमी होत नाही. शाळेतल्या वर्गाचा मॉनिटर म्हणाला, 'आज मधली सुट्टी नाही', म्हणून सुट्टी रद्द होते का? तसंच हे!

गोष्ट पहिली : 'सात दिवस झाले की संपलं'

नव्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणत्या, याची एक यादीच दिलेली आहे. सोप्या भाषेत सांगायचं, तर धंदा करताना जे वागणं चालणार नाही, ते वागणं. त्या यादीत एक गोष्ट अशी आहे : विकलेली वस्तू सदोष निघाली, तर बिलावर जी मुदत लिहिलेली असेल त्या मुदतीत ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं. आणि बिलावर मुदत लिहिलेलीच नसेल तर? तर ३० दिवस.

आता बाबांचं बिल काढून बघा. त्यावर सात दिवसांचा उल्लेखच नाही. मग मुदत किती झाली? तीस दिवस. आपला दिवा तर बाराव्या दिवशीच बिघडला होता. म्हणजे फोनवरचे 'सात दिवस' कायद्यात बसत नाहीत.

आणि तीस दिवसही उलटून गेले असते तर? तरी सगळी दारं बंद होत नाहीत. सदोष वस्तूबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला कायद्यानं दोन वर्षांची मुदत दिली आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. हे सगळं सदोष वस्तूबद्दल चाललंय. 'घरी आल्यावर रंग आवडला नाही' किंवा 'मैत्रिणीकडे दुसरा आहे, मलाही तसाच हवा', अशा कारणांसाठी दुकानातून घेतलेली वस्तू परत करण्याचा हक्क कायदा देत नाही. तिथं दुकानदारानं बदलून दिली, तर तो त्याचा चांगुलपणा.

गोष्ट दुसरी : 'खोका नाही, मग परत नाही'

कायदा विचारतो, वस्तूत दोष आहे का? आणि ती तुम्ही विकत घेतली याचा पुरावा आहे का? पुरावा म्हणजे बिल. मूळ खोका असल्याशिवाय सदोष वस्तू परत घेऊ नये, असं या कायद्यात कुठंही म्हटलेलं नाही. खोका जपून ठेवला तर चांगलंच. त्यावर छापलेलं 'सहा तास उजेड' हे वाक्य पुरावा म्हणून उपयोगी पडलं असतं! पण खोका फाटला म्हणून हक्क फाटत नाही.

यावरून एक खरीखुरी केस आठवते. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना ती लगेच कळेल.

बियाण्याची एक मोठी कंपनी, महाराष्ट्र हायब्रीड सीड्स. शेतकऱ्यांनी तक्रार केली, की कंपनीचं बी उगवलंच नाही. प्रश्न निघाला, की बी वाईट होतं हे प्रयोगशाळेत तपासायला त्याचा नमुना कुठं आहे? आता तुम्हीच सांगा, शेतकरी बी पेरतो की डब्यात नमुना म्हणून भरून ठेवतो? सगळं बी तर रानात गेलेलं! ही केस सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. १९९८ साली न्यायालयानं शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली. शेतकऱ्यानं बी पेरून टाकल्यावर त्याच्याकडे नमुना मागण्यात अर्थ नव्हता. कंपनीकडे त्याच बियाण्याचा साठा असतो, तिला ते तपासायला पाठवता आलं असतं.

'खोका कुठंय?' आणि 'बी कुठंय?' हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. जी गोष्ट साधा माणूस सहसा सांभाळून ठेवत नाही, ती नेमकी त्याच्याकडे मागायची.

पुढे २०१२ साली आणखी एक निकाल आला. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनचं म्हणणं होतं, की शेतकऱ्यांनी बियाणे कायद्याखाली दाद मागावी, ग्राहक न्यायालयात येऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. बी विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहकच आहे, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे तुमच्या बाबांनी कांद्याचं बी घेतलं काय आणि तुम्ही कंपासपेटी घेतली काय, दोघंही ग्राहक!

गोष्ट तिसरी : 'दुकानदाराचा संबंध नाही'

तळेगावाहून पुढं अहिल्यानगरच्या रस्त्याला रांजणगाव लागतं. गणपतीचं रांजणगाव तर सगळ्यांना माहीतच आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणारे कारखाने आहेत. पण फ्रिज घ्यायचा म्हणून आपण कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहतो का? नाही. दुकानात जातो. पैसे दुकानदाराच्या हातात देतो. बिल दुकानदाराच्या नावाचं असतं. म्हणजे आपला व्यवहार झाला दुकानदाराशी.

आपल्याकडे माल विक्रीचा कायदा १९३० सालापासून आहे. एखादा माणूस ज्या मालाचा धंदा करतो, तो माल विकताना विकण्याजोग्या चांगल्या अवस्थेत असला पाहिजे, ही अट त्या कायद्यानं विक्रीत धरलेलीच असते. ती बिलावर वेगळी लिहावी लागत नाही. म्हणून 'दुकानदाराचा संबंध नाही' हे कंपनीचं बोलणं चूक. आणि 'माझ्या हातात काय नाय' हे दुकानदाराचं बोलणंही चूक.

कंपनीवर सगळं सोडून का देऊ नये, हे गोव्यातल्या एका केसमधून कळतं. तिथं एका ग्राहकानं २०११ सालचं मॉडेल म्हणून मोटारगाडी घेतली. गाडी निघाली २००९ सालची! वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं टाटा मोटर्स कंपनीला त्यातून मोकळं केलं. कारण विक्रेत्यानं केलेली ही गोष्ट कंपनीला माहीत होती, असं सिद्ध झालं नव्हतं. यातून घ्यायचा धडा असा, की विक्रेत्याच्या प्रत्येक चुकीला कंपनी जबाबदार धरली जाईलच असं नाही. म्हणून तक्रारीत विकणारा आणि बनवणारा, दोघांचीही नावं घालायची.

हे वाचून दुकानदारकाकांशी भांडायला धावू नका हं! गावात रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात. पुष्कळदा त्यांनाही कायदा ठाऊक नसतो. त्यांनी तुमचा दिवा परत घेतला, तर तो ते कंपनीकडे पाठवू शकतात. त्यांची आणि कंपनीची भानगड त्यांनी मिटवायची. ती तुमच्या आईच्या मजुरीतून मिटवायची नाही.

गोष्ट चौथी : 'फक्त दुरुस्ती, पैसे नाहीत'

दुरुस्ती करून देतो, असं कंपनीनं म्हणणं यात वाईट काही नाही. दिवा खरोखर नीट झाला, तर ताईला तेच हवंय. पण 'पैसे कधीच परत मिळत नाहीत' हे मात्र खरं नाही. ग्राहक आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, पैसे परत करायला सांगू शकतो आणि ग्राहकाला सोसाव्या लागलेल्या नुकसानीची भरपाईही द्यायला लावू शकतो.

असं चुकीचं सांगण्याचा प्रकार आपल्याकडेच होतो असं समजू नका. ऑस्ट्रेलियात सोनी कंपनीच्या युरोपातल्या शाखेनं व्हिडिओ गेम घेणाऱ्या ग्राहकांना सांगितलं, की गेम एकदा उतरवून घेतला किंवा चौदा दिवस झाले, की पैसे परत द्यायला आम्ही बांधील नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे हे खोटं होतं. २०२० साली तिथल्या न्यायालयानं कंपनीला ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. असं चुकीचं उत्तर मिळालेले किती ग्राहक न्यायालयासमोर आले होते, माहीत आहे? फक्त चार! त्याआधी २०१३ साली ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीला त्याच देशात ३० लाख डॉलरचा दंड झाला होता. वस्तू अनेकदा दुरुस्त करून घेतल्याशिवाय बदलून मिळणार नाही, असं तिच्याकडून ग्राहकांना सांगितलं जायचं.

फोनवर बोलणारा ताई-दादा बहुतेक वेळा समोरच्या कागदावरचं वाचून दाखवत असतो. पण त्याच्या एका वाक्यानं कितीतरी दिवे माळ्यावर जातात. म्हणूनच कंपनीनं कायद्याबद्दल चुकीचं सांगणं ही लहान चूक नाही.

हे हक्क आले कुठून?

१५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ग्राहकांचे चार हक्क सांगितले : सुरक्षिततेचा, माहिती मिळण्याचा, निवड करण्याचा आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. आणि आपल्या पुणेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. देशात कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी! त्या काळी ग्राहकाला दाद मागायची, तर नेहमीच्या कोर्टाशिवाय दुसरी जागा नव्हती.

मग आता करायचं काय?

दिवा माळ्यावरून खाली काढा. पुसा. आणि आई-बाबांबरोबर बसून या पायऱ्या चढा.

एक, बिल शोधा. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानदारानं बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित प्रथा आहे, म्हणून पुढच्या वेळीही बिल मागायला लाजू नका. त्यावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं, तरी घाबरू नका. सदोष वस्तूच्या बाबतीत तेवढ्या वाक्यानं दुकानदार मोकळा होत नाही. असं छापू नये, हे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं १९९९ सालीच राज्यांना कळवलं होतं.

दोन, फोनवरचं बोलणं हवेत जातं. म्हणून लेखी लिहा. कुठल्या तारखेला, किती वाजता, फोनवर काय सांगितलं गेलं, तेही वहीत टिपून ठेवा. पत्र असं लिहिता येईल :

'आम्ही आपल्या दुकानातून अमुक तारखेला ८५० रुपयांना चार्जिंगचा दिवा घेतला. बिलाची प्रत सोबत आहे. बाराव्या दिवसापासून दिवा पूर्ण चार्ज करूनही वीस मिनिटांतच विझतो. वस्तू सदोष आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नाही, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तीस दिवसांच्या आत आम्ही ती परत करत आहोत. कृपया पैसे परत द्यावेत किंवा दिवा बदलून द्यावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आम्हाला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.'

एक प्रत दुकानात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली' म्हणून सही घ्या. कंपनीला स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तीन, उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीतही बोलता येतं. तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि पुष्कळदा इथंच काम होतं.

चार, तरीही नाही झालं, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. शिक्रापूरला घेतलेल्या दिव्यासाठी पुण्याचा. दिवा मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवला असता, तरी जिथं आपण राहतो तिथल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असंही नाही. 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार करता येते. निकाल तीन महिन्यांत लागावा, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिन्यांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात कधी कधी जास्त वेळ लागतो. म्हणून आधीच्या तीन पायऱ्या नीट चढायच्या.

'पण आम्ही तर लहान आहोत!' असं म्हणाल. त्याचीही सोय आहे. ग्राहक अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याच्या वतीनं आई-वडील किंवा पालक तक्रार करू शकतात. तारखा टिपणं, बिलं फाइलला लावणं, पत्राचा मसुदा लिहिणं ही कामं मात्र तुम्हीच करा. तुमचं अक्षर बाबांपेक्षा चांगलं असेल, नाही का?

सांगा पाहू!

१. ऑनलाइन मागवलेलं दप्तर फाटकं निघालं. विक्रेता म्हणतो, 'आमच्याकडे परत घेत नाहीत.' बरोबर की चूक?

२. दुकानातून घेतलेली पाण्याची बाटली चांगली आहे, पण तुम्हाला आता निळी हवीय. दुकानदार नाही म्हणतो. तक्रार करता येईल?

३. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नाही. सदोष वस्तू किती दिवसांत परत करता येईल?

(उत्तरं : १. चूक. ऑनलाइन विक्रीच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. २. नाही. बाटलीत दोष नाही. ३. तीस दिवस.)

आज संध्याकाळी एक काम करा. घरातली सगळी बिलं गोळा करा. मिक्सर, पंखा, सायकल, मोटारपंप, बियाणं, खतं, जे जे सापडेल ते. एका जुन्या फाइलीत तारखेप्रमाणे लावा आणि फाइल ताईच्या पुस्तकांशेजारी ठेवा. आणि उद्या कुणी फोनवर गोड आवाजात 'तसा नियमच आहे, सर' असं म्हणालं, तर बाबांना हळूच सांगा, "बाबा, विचारा ना, नियम कुणाचा? तुमचा की कायद्याचा? आणि तेवढं लिहून द्या म्हणावं."